पेशीचे दार आणि विषाणूची किल्ली

नर्मदा ओलांडून भोपाळकडे येणाऱ्या आगगाडीला शहराच्या अलीकडे मिसरोद हे लहानसे स्थानक लागते. २००६ च्या फेब्रुवारीत याच भोपाळ नगरीकडे महाराष्ट्राचे डोळे लागले होते. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या पटापट मरत होत्या, आणि त्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासणीसाठी आले होते. १८ फेब्रुवारीला निर्वाळा मिळाला: हा एच५एन१ जातीचा बर्ड फ्लू होय. भारतातील ही त्याची पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. अनेकांचा धंदा बुडाला. परंतु सर्वांच्या मनात प्रश्न एकच होता: हा रोग माणसाला ग्रासील काय?

या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या दाराशी आहे. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ शिरली, तेव्हा तिचे कारणही कोणास ठाऊक नव्हते. माणसातील तो विषाणू हाती लागला १९३३ साली. १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाला दिसले की, या विषाणूमुळे कोंबडीच्या रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींस चिकटतात. पुढे असेही आढळले की, काही वेळाने विषाणू आपण होऊन सुटतो. म्हणजे त्याच्यापाशी धरण्याचे साधन आहे, तसेच सुटण्याचेही आहे.

धरणारे प्रथिन ते हिमॅग्लुटिनिन. ते पेशीवरील सायलिक आम्लाला बिलगते. पेशी त्या पाहुण्याला एका पिशवीत घालून आत घेते. पिशवीत आम्लता वाढताच ते प्रथिन आपला आकार पालटते आणि विषाणूचे आवरण पिशवीच्या आवरणात मिसळून जाते. विषाणूच्या अंगावरील एम२ नावाच्या छिद्रातून आम्ल आत गेले, की त्याचा गाभा मोकळा होतो.

यातील प्रत्येक पायरी म्हणजे औषधाचे एक लक्ष्य होय. अमान्टाडिन हे औषध एम२ चे छिद्र बुजविते. मात्र विषाणूने रूप बदलल्याने ते आज बहुतांशी निरुपयोगी ठरले आहे. बाहेर पडण्याचे दार उघडणारी कात्री म्हणजे न्यूरामिनिडेज. तिची रचना १९८३ साली ऑस्ट्रेलियात उलगडली. त्या आकाराचा अभ्यास करून घडविलेली झानामिव्हिर व ओसेल्टामिव्हिर ही औषधे १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाली.

आता नवापूरचा प्रश्न. पक्ष्यांचा विषाणू सायलिक आम्लाची जी जोडणी शोधतो, ती माणसाच्या नाकाघशात विरळ व फुप्फुसात खोलवर आढळते. म्हणून माणसाला लागण क्वचित होते. पण झाली तर ती जिवावर बेतते. नवापुरात एकाही माणसास लागण आढळली नाही. तथापि २०२१ साली हरियाणातील एका मुलाचा या रोगाने बळी घेतला.

किल्लीचे दात थोडे झिजले तरी ती निराळ्या कुलुपास बसू शकते. म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यावरील पहारा हा माणसाच्या घरावरीलही पहारा आहे, हे आपण विसरता कामा नये.