लाकडी रूळ आणि बांधलेली माणसे

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास सांगताना बहुधा १८२५ सालापासून, स्टॉकटन-डार्लिंग्टनच्या मार्गापासून आणि स्टीफन्सनच्या इंजिनापासून सुरुवात होते. मला मात्र गेली काही वर्षे त्याच्याही शंभर वर्षे आधीच्या एका मार्गाने धरून ठेवले आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला ट्रॅनेंट नावाचे गाव आहे. तिथल्या कोळशाच्या खाणींपासून समुद्रकाठच्या कॉकेंझी बंदरापर्यंत १७२२ साली हा मार्ग घातला गेला. लांबी जेमतेम दोन-अडीच मैल. इंजिनाचा तर प्रश्नच नव्हता, रूळही लाकडाचे होते. स्कॉटलंडमधली ज्ञात अशी ही पहिली रेल्वे.

चालायची कशी, तर गाव उंचावर आणि बंदर खाली. भरलेल्या वाघिणी स्वतःच्याच वजनाने उतरत, एक माणूस ब्रेक सांभाळी. रिकाम्या वाघिणी घोडा वर ओढून नेई. अलीकडच्या उत्खननात लाकडी मार्गाचे अवशेष आणि घोड्याच्या पायाखालची दगडी फरसबंदी सापडली आहे.

मार्ग बांधणाऱ्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. विंटनचा पाचवा अर्ल जॉर्ज सीटन १७१५ च्या जॅकोबाइट बंडात सामील झाला आणि पकडला गेला. त्याला देहान्ताची शिक्षा झाली, पण तो लंडनच्या टॉवरमधून निसटला आणि पुढे रोममध्ये वारला. सरकारजमा झालेली त्याची जहागीर लंडनच्या यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने विकत घेतली. या कंपनीचा मूळ धंदा थेम्सचे पाणी लंडनकरांना पुरवण्याचा! जप्त जहागिरींच्या सट्ट्यात ती उतरली आणि असा कोळसा तिच्या हाती आला.

हा कोळसा जहाजांत भरला जाई, तसा मिठासाठीही लागे. आपल्या मिठागरांत ऊन फुकट मिळते. तिथे ते नाही, म्हणून समुद्राचे पाणी लोखंडी कढयांत उकळून मीठ काढीत आणि एक टन मिठापायी कित्येक टन कोळसा जाळीत. बाजारात न खपणारा चुरा या कढयांखाली खपत असे.

लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांना हा मार्ग ठाऊक असतो तो प्रेस्टनपॅन्सच्या लढाईमुळे. २१ सप्टेंबर १७४५ च्या पहाटे चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या हायलँडर सैन्याने जनरल कोपच्या फौजेचा सुमारे पाव तासात धुव्वा उडवला. कोपची फौज या मार्गालगतच उभी होती. त्याविषयी लिहिले गेले आहे पुष्कळ. मला मात्र त्या पाव तासापेक्षा खाणीतले शतक महत्त्वाचे वाटते.

कारण वाघिणीत कोळसा भरणारी माणसे स्वतंत्र नव्हती. १६०६ च्या स्कॉटिश कायद्याने कोळसा काढणारे, वाहणारे आणि मीठ करणारे यांना मालकाच्या दाखल्याशिवाय दुसरीकडे कामाला ठेवण्यास बंदी केली होती. पळालेला मजूर परत आणता येई, आणि खाण विकली की माणसेही नव्या मालकाकडे जात. बाळाच्या नामकरणाच्या वेळी बापाच्या हातावर मालकाने काही पैसे ठेवले की ते पोरही बांधले गेले, अशी रीत होती. १७०१ साली बेकायदा कैदेविरुद्ध कायदा झाला, त्यातून खाण आणि मिठाचे मजूर वगळले गेले. कायदा करणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे कळत नव्हते, असे म्हणायला जागा उरत नाही.

१७७५ चा सुटकेचा कायदा अर्धवट होता. जुन्या मजुराने शेरिफच्या न्यायालयात अर्ज करायचा आणि वयाप्रमाणे तीन ते दहा वर्षे वाट पाहायची. निरक्षर, कर्जात बुडालेला माणूस न्यायालयाची पायरी कशी चढणार? पुरी सुटका झाली १७९९ मध्ये.

तीही पुरुषांची, असे मी म्हणेन. रॉबर्ट बॉल्ड या खाण-अभियंत्याने १८०८ मध्ये स्कॉटलंडच्या कोळसा व्यापारावर पुस्तक लिहिले. त्यात कोळसा वाहणाऱ्या बायकांवर एक प्रकरण आहे. नवरा कोळसा फोडी, बायको आणि मुली तो पाठीवरच्या टोपलीतून जिन्याने वर आणीत. पुढे आई, तिच्या दातांत पेटती मेणबत्ती, मागे मुली. बॉल्डच्या हिशोबाने एका खेपेला सुमारे १७० पौंड, म्हणजे ७७ किलो, आणि दिवसाला ४०८० पौंड. चढताना रडणाऱ्या बायका त्याने पाहिल्या होत्या.

ट्रॅनेंटच्या मार्गावर १८१५ मध्ये लाकडाच्या जागी लोखंडी रूळ आले. उतारावर वाघिणीला आता आणखी कमी घर्षण होते. स्कॉटलंडमधल्या अनेक खाणींच्या जिन्यांवर मात्र टोपली तीच राहिली. बायकांना जमिनीखालच्या कामास बंदी झाली ती १८४२ च्या कायद्याने, आणि त्याबरोबर त्यांच्या घरात येणारी मजुरीही बंद झाली.