सावंतवाडीची दशावतारी गंजिफा

हाताने रंगवलेल्या, बहुधा गोल पत्त्यांच्या ज्या खेळाला गंजिफा म्हणतात, तो इराणकडून हिंदुस्थानात आला आणि १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफेत प्रत्येकी बारा पानांचे आठ ‘रंग’, म्हणजे गट, मिळून ९६ पाने असत. तिच्या देशी रूपात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग होऊन पानांची संख्या १२० झाली. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी रंगवलेली गंजिफा याच दशावतारी परंपरेतील आहे.

प्रत्येक रंगात राजाच्या पानावर स्वतः अवतार विराजमान असतो, प्रधान बहुधा घोड्यावर असतो आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पानांवर त्या अवताराचे चिन्ह तितक्याच वेळा काढलेले असते: मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. तिघांत वाटल्यास प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येतात आणि ती एकमेकांवर सरकवून धरावी लागत असल्याने पानाची जेमतेम कडच दिसते. म्हणूनच चिन्ह मोजक्या, ठसठशीत रेषांत उतरवले जाते आणि पार्श्वभूमीच्या रंगावरूनही गट ओळखू येतो. दिवसा रामाच्या आणि रात्री कृष्णाच्या रंगाने डाव सुरू करण्याच्या संकेतामुळे पुराणकथा थेट खेळाच्या नियमात उतरली आहे.

पानाची घडणही हाताळणीचा विचार करूनच होते. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने, म्हणजे चिंचोके शिजवून केलेल्या चिकट लापशीने, एकत्र चिकटवून ताठ केले जातात, त्यांवर पांढरा लेप देऊन पृष्ठभाग दगडाने घोटला जातो आणि रंगकामानंतर लाखेचा थर चढवला जातो. या घोटाईमुळे आणि लाखेमुळे पाने एकमेकांवरून सहज सरकतात व घामाने लगेच खराब होत नाहीत.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर ही कला लयाला जाऊ लागली, तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चितारींकडून ती समजून घेऊन १९७०च्या दशकात राजवाड्यातच तिला नवे बळ दिले. चित्रे त्यामुळे वाचली. परंतु त्यांतील प्रत्येक रेषा खेळणाऱ्याच्या नजरेसाठी घडलेली असल्याने, गंजिफा केवळ शोभेची वस्तू म्हणून जपणे पुरेसे नाही, तर तिचा डाव शिकणे आणि शिकवणे हाही तिच्या जतनाचाच भाग मानला पाहिजे.