ध्वन्यनुकारी शब्द : स्कँडिनेव्हियन भाषा व पोलिश

प्राणी, पक्षी, आघात किंवा हालचाल यांच्या आवाजावरून घडलेले शब्द. स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन या जर्मानिक भाषा, तर पोलिश स्लाव्हिक. दोन्ही शाखा इंडो-युरोपीय कुळातल्या. असे शब्द म्हणजे निसर्गाची हुबेहूब नक्कल, हा समज या भाषांपुढे टिकत नाही. कोंबडा स्वीडिशमध्ये ‘कुकेलिकू’ आणि पोलिशमध्ये ‘कुकुरिकू’ असा आरवतो. इथवर साम्य आहे. बदक मात्र पोलिशमध्ये ‘क्वा क्वा’, स्वीडिशमध्ये ‘क्वाक’ आणि स्वीडिशच्या सख्ख्या बहिणीत, डॅनिशमध्ये, ‘राप राप’ करते. डॅनिशमध्ये ‘क्वेक’ बेडकाच्या वाट्याला गेले आहे, तर पोलिश बेडूक ‘कुम कुम’ करतो. आवाज निसर्गाचा, तो कोणाच्या तोंडी घालायचा हे भाषा ठरवते.

पुढे व्याकरणही त्याला आपल्या शिस्तीत बसवते. पोलिशमध्ये दारावरची थाप ‘पुक पुक’ वाजते. तिच्यावरून ‘पुकाच’ म्हणजे ठोठावत राहणे आणि ‘पुक्नोंच’ म्हणजे एकदाच ठोठावणे. ठिबकणाऱ्या थेंबाचीही ‘कापाच’ आणि ‘काप्नोंच’ अशीच जोडी आहे. हा ‘-नोंच’ प्रत्यय दाराने किंवा थेंबाने दिलेला नाही. मराठीत ‘खडखड’वरून ‘खडखडणे’ आणि ‘खडखडाट’ होतात, तेही मराठीच्याच रीतीने.

मग अनुकरण उरले कुठे, असा आक्षेप येतो. कोंबड्याच्या शब्दांतले साम्य शेजारी भाषांच्या उसनवारीतून आले असेल, असेही म्हणता येईल. बाल्टिकच्या दोन काठांपुरते ते शक्य आहे. पण मराठी ‘कुकूचकू’तही ‘क’ पुन्हापुन्हा येतो, त्याला शेजार हे कारण पुरत नाही. अनुकरण खरे आहे, फक्त ते शब्दाच्या जन्मापुरते. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हेच बजावले आहे की, असे शब्दही एकदा भाषेत आले की इतर शब्दांसारखे ध्वनिबदलात सापडतात. कुकू पक्ष्याचे पोलिश नाव ‘कुकुव्का’ अजून त्याची हाक ऐकवते. स्वीडिशच्या पूर्वज भाषेत, प्राचीन नॉर्समध्ये, त्याला ‘गाउक्र’ म्हणत. त्याच शब्दाच्या आजच्या स्वीडिश रूपात आरंभीचा ‘ग’ लिहिला जातो, पण उच्चार ‘योक’च्या जवळ जातो. नावातली हाक विरली, तरी त्या नावाने स्वीडिश माणसाला पक्षी बरोबर कळतो.