दोन बांध्या आणि सहा तालुके

आजोबांनी एकाच सावकाराला दोन बांध्या दिल्या होत्या. एक परत आली, दुसरी नाही. लहानपणी वाटायचं, सावकाराने दाबली. मोठेपणी पेटीतले कागद वाचले. एक होतं गहाणखत, दुसरं खरेदीखत. आजोबा मात्र दोन्हींना 'कर्जापायी दिलेली' म्हणायचे.

आमच्या भागात एका राजाचंही असंच झालं होतं.

हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने एक फौज होती, अधिकारी इंग्रज. पगार थकला की कंपनी पैसे भरायची आणि निजामाच्या नावावर मांडायची. कर्ज वाढलं. 1853च्या तहात निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात दिले. महसुलातून फौजेचा खर्च भागवायचा, मालकी निजामाची. म्हणजे ताबेगहाणच.

1860 साली नवा तह झाला. 50 लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी विश्वस्त म्हणून आपल्याकडेच ठेवलं. त्याच तहात निजामाने गोदावरी-वैनगंगेच्या डाव्या काठचे सहा तालुके संपूर्ण सार्वभौमत्वासह देऊन टाकले. इंग्रजांना गोदावरीतून बोटी चालवायच्या होत्या. त्या सहांत आजच्या गडचिरोलीतलं सिरोंचा होतं.

देणारा एक, घेणारा एक, कागदही एक. पण पुढे काय झालं बघा. वऱ्हाड परत मिळावं म्हणून दिवाण सालारजंग झगडत राहिले. ते मिळालं नाही, पण निजामाचा हक्क इंग्रजांना पुसताही आला नाही. 1902 साली कर्झनने कायमचा पट्टा करून घेतला, तोही वर्षाला 25 लाख देऊन. 1936 साली निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. सिरोंचासाठी ना पट्टा, ना पदवी. 1874 साली ते चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं.

आजचा कायदाही हाच फरक मानतो. गहाणात कर्ज फेडून मालमत्ता सोडवता येते. खरेदीखताने मालकी जाते. 'पैसे फेडले की परत देईन' ही अट असेल, तर ती त्याच खरेदीखतात लिहिलेली लागते. नाहीतर कायदा त्याला गहाण मानत नाही.

आजोबांना ते वचन तोंडी मिळालं होतं.

मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. धान्याच्या हंगामाला पैसे हवेत, देणारा म्हणतो, 'नावापुरतं खरेदीखत करू.' मी त्याला दोन्ही कागदांचे फोटो पाठवले. त्याने अजून सही केलेली नाही.