चार पटीची दुर्बीण

आमच्या कर्जत तालुक्यात पाऊस कमी आणि काळवीट जास्त, असं माझे आजोबा म्हणायचे. रब्बीची ज्वारी वीतभर वर आली, हरभऱ्याला घाटे धरू लागले, की माळावरचे कळप रात्री शिवारात उतरायचे. सकाळी जाऊन बघावं तर तासच्या तास खुडलेली. आबा मचाणावर बसून पत्र्याचा डबा बडवायचे. घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, मग छर्रे. एक बार काढून दुसरा भरेस्तोवर हरणं शिवेपार झालेली असायची. आबांचा नेम कधी लागल्याचं मला आठवत नाही. ती बंदूक आवाजापुरतीच.

या माळांवरची शिकार तशी जुनी. बादशाही काळात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून कळपाजवळ न्यायचा आणि टोपी काढून सोडायचा. १८०३ साली वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला, पुढे छावणी वसली आणि गोरे साहेब रायफली घेऊन शिकारीला निघू लागले. पण काळवीट खरं ओळखलं ते फासेपारध्यांनी. शिकवलेल्या गाईच्या आडोशानं पावलापावलानं कळपाकडं सरकायचं आणि वाटेत फाशांची रांग लावायची. त्यांना बंदूकही लागत नव्हती आणि दुर्बीणही. इंग्रजांनी या माणसांवर जन्मानं गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. लोकांच्या मनातला शिक्का मात्र गेला नाही.

माझे चुलते, तात्या, यांना आबांचा डबा आणि ठासणीची बंदूक दोन्हींची लाज वाटे. १९६४ साली त्यांनी कलेक्टर कचेरीत खेटे घालून रायफलीचा परवाना काढला. शिकारीचा परवाना तेव्हा मिळत असे. लष्करी ३०३ बोअरची बंदूक सामान्य माणसाला ठेवता येत नसे, म्हणून तिच्या जवळपासची ३१५ बोअरची रायफल लोक घेत. गोळी जड, धक्का जोरदार. मात्र गोळीचा वेग बेताचा. शंभर यार्डांवर नेम बसवला, तर दोनशेवर गोळी वीतभर खाली येते. आणि आमच्या उघड्या माळावर काळवीट दोनशेच्या आत माणसाला उभं करीत नाही. नळीच्या टोकावरची माशी तेवढ्या लांबून अख्ख्या जनावराला झाकते. म्हणून तात्यांनी ठरवलं, रायफलीवर दुर्बीण बसवायची.

पुण्यातल्या एका दुकानात दोन जुन्या दुर्बिणी होत्या. एक चार पटीची, आखूड, पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं. दुसरी दहा पटीची, लांबलचक, भिंग ४० मिलिमीटरचं. तात्यांनी सल्ल्याला गावातल्या सुभेदारांना सोबत नेलं होतं, मीही हट्टानं गेलो होतो. सुभेदार मराठा पलटणीतून इटलीत लढून आलेले. आपल्याच जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना त्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे ते दर दोन दिवसांनी सांगत. दोन्ही दुर्बिणींतून त्यांनी रस्त्यापलीकडचं झाड बघितलं आणि चार पटीची पुढं सरकवली.

"तात्या, एवढी ताकद कशाला? आम्हाला माणसावर नेम धरायला सरकारनं साडेतीन पटीची दिली हुती."

मग त्यांनी हिशेब सांगितला. भिंगाच्या व्यासाला पटीनं भागायचं. ४० ला दहानं भागलं तर चार, ३२ ला चारनं भागलं तर आठ. तेवढ्या मिलिमीटरचा उजेड डोळ्यापर्यंत येतो. झुंजुमुंजू असताना माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटर फाकते. त्या वेळी चार पटीतून जनावर उजळ दिसतं, दहा पटीतून काळपट. उन्हं चढली की माळावर मृगजळ उठतं, आणि दहा पटीच्या दुर्बिणीत ते मृगजळही दहापट होतं. तिसरी गोष्ट रुंदीची. शंभर यार्डांवर दहा पटीतून जेमतेम दहा-बारा फुटांचं दिसतं, चार पटीतून तीस फुटांचं.

तात्यांनी ऐकून घेतलं आणि दहा पटीची घेतली. "पैसं द्यायचंच तर मोठ्याला द्यावं," एवढंच म्हणाले. पहिल्याच बाराला डोळा फार जवळ ठेवल्यानं दुर्बिणीची कड भुवईत रुतली. गावात आठ दिवस पट्टी बांधून हिंडले.

संक्रांत झाल्यावरची सकाळ. तात्या बांधाला पालथे पडलेले, शेजारी मी पाण्याची कळशी घेऊन. दोनशे पावलांवर कळप आणि कडेला एक काळाभोर नर, शिंगांना चांगले चार पीळ. तात्यांनी श्वास धरला. नर डावीकडं चालू लागला, तशी नळीही हळूहळू डावीकडं सरकू लागली. तेवढ्यात पलीकडच्या ओघळीतून काळं घोंगडं वर आलं. धनगराचं पोरगं, माझ्याच वयाचं, उठून उभं राहिलं होतं. नर त्याच्याच रोखानं चाललेला. मला नुसत्या डोळ्यांनी दोघं दिसत होते. तात्यांच्या दहा पटीच्या गोलात एकच होता.

"तात्या, माणूस!" मी ओरडलो. कळप उधळला. तात्यांचं बोट घोड्यावर होतं, ते त्यांनी दुसऱ्या हातानं सोडवल्यासारखं काढलं. पोरगं आमच्याकडं आलं आणि म्हणालं, "पाणी हाय का?" त्याला काहीच कळलं नव्हतं. तात्यांनी पाणी दिलं, फडक्यातली भाकरी दिली, आणि तो जेवेस्तोवर त्याच्यासमोर बसून राहिले.

घरी कुणालाच त्यांनी सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन तोट्यात अदलाबदल करून चार पटीची घेऊन आले. सुभेदारांनी बघितली आणि काही विचारलं नाही. पण त्यानंतर तात्यांनी फार बार काढले नाहीत.

पुढं १९७२ चा दुष्काळ आला. आम्ही खडी फोडत होतो, त्याच साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि काळविटाची शिकार कायमची बंद झाली. रायफल तात्यांनी विकून टाकली, दुर्बीण ठेवली. १९८० साली आमच्याच तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं, सव्वादोन चौरस किलोमीटरांचंही नाही. त्याला शीव आहे, पण हरणांना ती कोण सांगणार? ती अजून ज्वारीत उतरतात, आम्ही अजून डबा वाजवतो.

परवा नातवाला घेऊन रेहेकुरीला गेलो. गेल्या गेल्या तो तात्यांची दुर्बीण मागायला लागला. म्हटलं, देतो, आधी नुसत्या डोळ्यांनी सगळा माळ बघून घे, कोण कुठं आहे ते मला सांग.