रिकाम्या सिंहासनाचा न्याय

राजा निवर्तला की त्याचा पुत्र गादीवर बसतो, ही राजेशाहीची सोपी रीत. परंतु पुत्रच नसेल आणि जे वारस आहेत त्यांचा हक्क वादग्रस्त असेल, तर राज्य कोणाचे? पोर्तुगालपुढे हा प्रश्न १३८३ साली उभा राहिला.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राजा फर्नांदु वारला. त्याची कन्या बियात्रिझ जेमतेम दहा-अकरा वर्षांची. तिचा विवाह काही महिन्यांपूर्वीच शेजारच्या कॅस्टीलच्या राजाशी झाला होता. वंशाचा नियम पाळावा, तर स्वातंत्र्यच जावयाच्या घरी जाणार, ही धास्ती लिस्बनच्या नागरिकांस वाटली. त्यांनी मृत राजाचा सावत्र भाऊ, आव्हिश या लष्करी धर्मसंघाचा प्रमुख जुआंव, यास राज्याचा रक्षक केले. १३८४ मध्ये कॅस्टीलच्या सैन्याने लिस्बनला वेढा घातला; पण छावणीत प्लेग शिरला आणि वेढा उठवावा लागला.

पुढच्या वर्षी कोइंब्रा येथे सरदार, धर्मगुरू आणि नगरांचे प्रतिनिधी यांची सभा भरली. तेथे जुआंव दश रेग्रश या कायदेपंडिताने एकेक दावेदार तपासला. बियात्रिझच्या मातेचा पहिला पती हयात असल्याने तिचा राजाशी झालेला विवाह अवैध. कॅस्टीलचा राजा आव्हीन्याँच्या पोपचा पक्षपाती, म्हणून धर्मभ्रष्ट. इनेश द काश्त्रु हिच्या पुत्रांचे औरसत्व असिद्ध. सारांश, सिंहासन रिकामे आहे आणि ते भरण्याचा अधिकार सभेचा आहे.

यातील विसंगती उघड आहे. आव्हिशचा जुआंव स्वतःही अनौरसच होता! परंतु आता त्याचा आधार रक्ताचा नव्हता, निवडीचा होता. ६ एप्रिल १३८५ रोजी तो राजा झाला. १४ ऑगस्टला अल्जुबारोटाच्या रणांगणात नुनु आल्व्हारिश पेरेरा याच्या नेतृत्वाखाली लहान पोर्तुगीज सेनेने कॅस्टीलचा पराभव केला.

हा निकाल कायद्याने दिला की तलवारीने? सभेचा ठराव नसता, तर जुआंव केवळ एक बंडखोर ठरला असता. आणि विजय नसता, तर तो ठराव दप्तरातच राहिला असता. कारभारात वावरणाऱ्या माणसास या दोहोंचे नाते चांगले ठाऊक असते.

आपल्याला या कथेचे अगत्य आणखी एका कारणाने असावे. याच जुआंवचा पणतू मानुएल याच्या कारकिर्दीत वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. कोइंब्रात भरलेल्या त्या रिकाम्या आसनाची सावली अशी मांडवीच्या तीरापर्यंत पडली.