धारेचे पाणी

आमच्या घरी तेंदूपान कापण्याची एक कात्री होती. आई बिड्या वळत असे, आणि त्या कात्रीला ती कोणासही हात लावू देत नसे. मजुरी हजारी हिशेबाने मिळावयाची. कात्री बोथट असली की पानाची कड फाटते, आणि फाटक्या पानाची बिडी छाटणीत जाते. म्हणजे पानही गेले आणि मजुरीही गेली. एके दिवशी कात्रीचा खिळा घट्ट झाला, तेव्हा तो सैल करावा म्हणून मी शहाण्याने ती चुलीच्या निखाऱ्यात घातली. खिळा सैल झाला खरा, पण पाती निळसर-करडी पडली, आणि संध्याकाळपर्यंत ती पानाऐवजी स्वतःच वाकू लागली.

लोहारकाकांनी पाते नुसते नखाने वाजवले आणि म्हणाले, “पानी उतरला हिचा, बाबू.” हे पाणी म्हणजे काय, याचा शोध मी पुढे युनियनच्या कामातून वेळ काढून, वाचनालयात बसून घेतला.

लोखंड आणि पोलाद यांत भेद काय, हे युरोपातील पंडितांना १७८६ सालापर्यंत नीट उमगलेले नव्हते. त्या वर्षी व्हांदरमोंद, बर्थोले आणि मोंज या तिघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की भेद कोळशाचा, म्हणजे कार्बनचा आहे. शेकडा पाव भागाहून कमी कार्बन असलेली सळई कितीही तापवा, विझवा. ती पाणी धरीत नाही. मोटारीच्या कमानपाट्यात साधारण ०.६ टक्का असतो, चांगल्या कानशीत एकाहून थोडा अधिक. गंमत अशी की तेलंगणातील कारागीर मुशीत असले उच्च कार्बनी पोलाद शतकानुशतके काढीत होते, आणि त्याचे गूढ उकलावे म्हणून १८१९ च्या सुमारास मायकेल फॅरडेसारखा माणूस लंडनमध्ये धडपडत होता.

आपल्या बाजूला कारखानदार नव्हते, आगरिया होते. बालाघाट-मंडल्याच्या जंगलात मातीची लहानशी भट्टी, पायाने चालवायचा भाता आणि लाकडी कोळसा, एवढ्यावर ही जमात लोखंड गाळीत असे. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. भट्टीवरचा कर, जंगलातील कोळशावरची बंधने आणि बाजारात उतरलेले स्वस्त विलायती लोखंड यांनी त्या भट्ट्या विझवल्या. आगरिया आळशी होते म्हणून धंदा बुडाला, असे कोणी म्हणाले तर ते मला कबूल नाही.

ते विलायती लोखंड आले आगगाडीतून. १८८० नंतर नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग सरकला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपूरकडे छोटी लाईनही निघाली. टाटांची माणसे १९०४ च्या सुमारास चांदा जिल्ह्यात लोहखनिज तपासून गेली. पण कारखाना निघाला दूर साकचीला, आणि १९१२ साली तेथे पोलाद ओतले गेले. आमच्या लोहाराच्या वाट्याला आले ते भंगार: तुटके कमानपाटे, झिजलेल्या कानशी. खनिजातून लोखंड काढणारा गेला. भंगारातून पोलाद ओळखणारा राहिला.

ओळख कशी? काकांची पहिली परीक्षा सहाणेच्या चाकावर. मऊ लोखंडाची ठिणगी लांब, पिवळसर आणि साधी निघते. कार्बन वाढला की ती आखूड होते आणि टोकाला फुलबाजीसारखी फुटते. तरी खात्री नसली तर तुकडा तापवून विझवावयाचा आणि त्यावर कानस फिरवावयाची. कानस घसरली तर माल धरण्याजोगा.

त्यांनी कात्रीची पाती वेगळी केली. दुकानात मुद्दामच अंधार, कारण उन्हात तांबडेपणा फसवतो. तारेला टांगलेले एक जुने लोहचुंबक होते. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, त्याहून किंचित वर ताव गेला की पाते तेलात. पाण्यात का नाही, असे मी विचारले, तर त्यांनी कोपऱ्यातला एक तडकलेला सुरा दाखवला.

अशी विझवलेली धार काचेसारखी कडक आणि तशीच ठिसूळ असते. म्हणून पाते घासून चकचकीत केले आणि तापलेल्या लोखंडी पाटावर हळूहळू ऊब दिली. आधी फिकट पिवळा रंग चढतो, सुमारे २२० अंशांना. मग तपकिरी, जांभळा, शेवटी ३०० च्या आसपास निळा. पिवळा तपकिरीकडे झुकताच काकांनी पाते उचलले. निळ्यापर्यंत थांबले असते तर स्प्रिंगेला चालले असते, कात्रीला नाही. मी चुलीत त्याच्याही कितीतरी पुढे गेलो होतो.

पुढे १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालच्या कुशल-अकुशल वर्गवारीवर मला अनेकदा भांडावे लागले. एका बैठकीत समोरच्या साहेबांनी एका लोहाराबद्दल विचारले, “याच्याकडे प्रमाणपत्र आहे का?” मी पिशवीतून आईची कात्री काढून टेबलावर ठेवली आणि त्यांच्या हातातला कागद मागितला. कागद कापला गेला. लोहाराला त्या दिवशी वरचा वर्ग मिळाला नाही. प्रकरण तारखेवर गेले.

कात्री आईने त्यानंतरही पुष्कळ वर्षे वापरली.